ठिणगीचं नवं गाणं

"मेल्यावरही ह्याचेच लाड," थोरला उंबऱ्याशी उकिडवा बसून दार पुसत पुटपुटत होता. निळ्या दारावर चाहत्यांनी पुन्हा खडूनं बदाम काढले होते. "गेल्या वर्षी स्वतः घासून दोन हात रंग दिलाय मी. आहे कुणाला त्याचं काही?"

मागं उभी असलेली रेडिओवाली बाई खाकरली. तो ओशाळला.

"या, या. आई आत आहे."

बाईनं दाराला हळूच हात लावला. "हेच ना ते निळं दार?"

"हेच."

ठिणगी म्हणजे धाकटा. लहानपणी दोघं भाऊ जिन्यात बसून यमकं जुळवायचे, डब्याच्या झाकणावर ठेका धरायचे. आवाज एकाच साच्यातले. फोनवर आत्याची दर वेळी फसगत व्हायची. पण आई थोरल्याला म्हणायची, "तू नुसता ठेका धर रे. म्हणू दे त्याला." मग धाकटा ‘ठिणगी’ नावानं रॅपर झाला आणि थोरला स्टुडिओत वायरी गुंडाळायला लागला.

तीन वर्षांपूर्वी धाकटा अपघातात गेला. तेव्हापासून भिंतीभिंतीवर त्याचं तोंड. कॉलेजातली पोरं त्याच्यासारखीच टोपी तिरकी घालत. मागाहून त्याची चार गाणी आली, आज पाचवं आलं. बरंच रेकॉर्ड करून ठेवलंय त्यानं, असं थोरला सांगे.

आत आईनं बाईला चहा दिला. थोरल्याचा घसा आठ दिवस बसला होता. त्याच्यापुढं तिनं न विचारता मिठाच्या कोमट पाण्याचा पेला सरकवला.

बाईनं गाणं लावलं.

*निळ्या दाराआड एक म्हातारी बसते,*
*दोन पोरं पोटची, एकालाच हसते.*

"काय मन असेल त्याचं!" बाई गहिवरली. "स्वतः लाडका, पण भावाचं दुखणं मांडलं. आणि जाताना आवाज काय पिकला होता! ही शेवटची गाणी तर आधीच्यांहून सरस." ती थोरल्याकडं वळली. "राग मानू नका, पण तुम्हाला कधी हेवा नाही वाटला?"

"मेलेल्याचा कसला हेवा?" थोरला हसला. "जिवंत होता तेव्हा निदान भांडता यायचं."

त्यानं गुळणी करायला मोरी गाठली आणि बराच वेळ तिथंच राहिला.

बाई गेली. आई कोपऱ्यातल्या फोटोची काच पदरानं पुसत बसली. प्रत्येक गाण्यानंतर थोरला तिला एकच प्रश्न विचारायचा, आणि ती प्रत्येक वेळी काच पुसत म्हणायची, "गुणाचं गं माझं बाळ." तेवढ्यानं त्याचा दिवस नासायचा. तरी विचारल्यावाचून राहवायचं नाही.

"कसं वाटलं आजचं?"

आईनं फोटो जागेवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दारापर्यंत गेली. राहिलेला एक बदाम तळहातानं पुसला.

"तो गेला तेव्हा हे दार हिरवं होतं रे," ती म्हणाली. "पाचही गाणी छान म्हटलीस."