पहिला आला तो

डोक्यावर पुन्हा घोडे उधळले आणि एर्मेक अंथरुणात उठून बसला.

भर दुपार होती. खिडकीला जाड चादर ठोकलेली, कानांत कापसाचे बोळे. उपयोग शून्य. रात्री त्याला सात उतारू घेऊन बिश्केकहून ओशला निघायचं होतं, मधला बर्फाचा घाट ओलांडून. मागच्या खेपेला त्याच घाटात त्याचे डोळे मिटले होते. क्षणभरच. उघडले तेव्हा गाडीच्या दिव्यांसमोर रस्ता नव्हता, नुसती दरी होती. त्याने चाक फिरवलं. मागच्या सीटवरच्या बाईने झोपेतच आपल्या मुलाला कुशीत ओढलं. तिला काही कळलंसुद्धा नाही.

त्याने सगळं करून पाहिलं होतं. वरच्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर डाव बडवला, तर तिथली पोरं खेळ समजून तालात उत्तर द्यायला लागली. घरमालक म्हणाला, "जमत नसेल तर सोड घर. या थंडीत दुसरं मिळतंय का बघ." दोनदा तो भांडायला म्हणून वर गेला. दोन्ही वेळा म्हाताऱ्या उम्सुनाय आपाने हाताला धरून बसवलं आणि पुढ्यात पाव मोडला. ज्यांच्या घरचा पाव खाल्ला त्यांच्याशी भांडायचं कोणत्या तोंडाने? कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, बोर्सोकची, ताटली घेऊन गडी मुकाट खाली आला.

आज मात्र जिन्यातच धडधड सुरू झाली. बाया, पोरं, पुरुष, सगळे अंगणातून दणदण वर येत होते, किंचाळत, खिदळत. एर्मेकच्या डोक्यात तिडीक गेली. दार ढकलून तो तसाच बनियनवर, अनवाणी, त्या झुंडीच्या पुढे धावत सुटला. आज पाव नाही, ताटली नाही. आज सरळ आईमाई उद्धरायची.

वरचं दार सताड उघडं होतं.

"पहिला आला!" आत एकच गिल्ला झाला. "अगं बाई, खालचा भाडेकरू पहिला आला!"

कुणी पाठीत धपाटा घातला, कुणी हातात सुरी कोंबली. पांढऱ्या घोंगडीवर वर्षाचा बेकतूर उभा होता, आईने काखेत धरलेला, दोन्ही पाय काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोराने बांधलेले. अंगणातून लागलेल्या शर्यतीत जो पहिला येईल त्याने तो दोर कापायचा, म्हणजे पोर त्याच्यासारखं धावायला लागतं.

"काप रे बाळा," उम्सुनाय आपा म्हणाली. "तुझे पाय लागू देत आमच्या नातवाला. काय सुटला होतास, वा!"

एर्मेक गुडघ्यांवर बसला. सुरी दोराला टेकवली. मग ते गुबगुबीत पाय त्याने नीट पाहिले. त्या घरात एवढेच काय ते गप्प होते.

"नाही कापणार," तो म्हणाला.

हसणं थांबलं. आई पांढरीफटक पडली. असं बोलणं म्हणजे पोराची वाटच अडवणं.

"आपा, मला झोप हवी. घाटात माझे डोळे मिटले हो परवा. मी मेलो तर मेलो, पण मागे सात माणसं बसतात..." एवढा थोराड माणूस, ओठ आवळून रडायला लागला.

कुणी हललं नाही. दारातली पोरंसुद्धा जागच्या जागी थिजली. कितीतरी दिवसांनी त्या छताखाली शांतता झाली होती. एर्मेकचं डोकं हळूहळू खाली गेलं. सुरी हातातून निसटून घोंगडीवर पडली. हुंदका घोरण्यात कधी मिसळला ते कुणाला कळलं नाही.

"आत्ता कापायला हवा," पोराचा बाप पुटपुटला. "पाहुणे खोळंबलेत. उठवू का?"

"हात तर लाव, मग बघते तुला," आपा दबक्या आवाजात म्हणाली. "पहिला आलाय तो. दोर त्यानेच कापायचा. जाग आली की कापेल."

मटणाचं पातेलं चुलीवरून दोघींनी मिळून अलगद उतरवलं. खोलीच्या मधोमध बेकतूर, पाय बांधलेला, एर्मेकच्या खांद्याला धरून उभा होता, आणि त्या दोघांभोवती अख्खं घर चवड्यांवर चालत होतं.