पोटरीतली दोरी

मेडिकल कॉलेजात प्रेतं सांभाळण्यात माझी तीस वर्षं गेली. पोटरीत एक बोटभर स्नायू असतो. त्याची पांढरी दोरी पार टाचेपर्यंत जाते. ती काढली तरी पायाचं काही अडत नाही, म्हणून हाताच्या बोटातली अशी दोरी तुटली की तिच्या जागी हीच लावतात. एकदा प्रेत चिरताना वर्गातल्या एका दीडशहाण्याने दोरी म्हणून शेजारची, तळपायाला स्पर्श कळवणारी नस चिमट्यात धरली.

"ती नव्हे, डॉक्टर."

"मामा, तुम्ही फरशी पुसा."

मी पुसली.

आज तोच मोठा सर्जन होऊन माझ्या खाटेशी उभा आहे. चार दिवसांपूर्वी त्याने माझ्या पोटरीतली दोरी काढून माझ्या हाताच्या कापलेल्या बोटात जोडली.

"मामा, बोट हलवा बघू."

"बोटाचं राहू द्या. तळपायाला सुई टोचा, काही कळत नाही. पुन्हा नसच उचललीत, डॉक्टर. आता फरशी तुम्हीच पुसा."