वरच्या मजल्यावरचं गाणं

रॉक गायक अर्मां शोसादने ऐन उमेदीत तीन अल्बम काढले. एकात चर्चचा ऑर्गन, एकात अरबी ढोल, एकात दोन्ही. धड एकही खपला नाही. आता सत्तरी उलटल्यावर, ल्योनमधल्या त्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरून रोज दुपारी त्याचंच गाणं ऐकू येऊ लागलं. तेही नेमकं ते, ज्याची पेपरवाल्यांनी सगळ्यात जास्त टर उडवली होती. वर कुणीतरी बेसूर नक्कलही करत होतं. मुद्दाम खिजवतायत, अशी त्याची खात्रीच झाली. शेवटी एके दिवशी वर जाऊन त्याने दार ठोठावलं.

"मादाम, ही थट्टा कुणाच्या डोक्यातली?"

दार उघडणारी बाई ओशाळली. "माफ करा मस्यू, आवाज मोठा झाला का? अर्धांगाचा झटका आल्यापासून आमच्या ह्यांची वाचा गेलीय हो. सगळी गाणी लावून पाहिली, हे नुसते गप्प. मग जुन्या बाजारात ही तबकडी मिळाली. यात शब्दच नाहीत, नुसतं आ-ऊ. तेवढं जमतं त्यांना. पण आपण कोण?"

"खालच्या मजल्यावरचा," अर्मां म्हणाला. "जरा मोठ्याने लावा. खाली नीट ऐकू येत नाही."