काढून ठेवलेला पंखा

बाबा गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. प्रोसेसर फार तापत होता, आणि त्यावरचा बाबांनी बसवलेला पंखा दिवसभर घरघरायचा. मी त्याऐवजी लिक्विड कूलिंग, म्हणजे नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारी यंत्रणा, बसवायचं ठरवलं.

आईला ते पटेना. "पंखाच राहू दे की. मी बोलायला लागले की तो हळू होतो."

"आई, तो प्रोसेसरच्या तापमानावर चालतो. तुझ्या बोलण्यावर नाही."

"ह्यांचंही तसंच होतं. मी दारात आले की हातातलं काम थांबवून ऐकायचे."

शेवटी मी माझंच खरं केलं. रविवारी दुपारी पंखा काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली, पंप आणि नळ्या जोडल्या. कॉम्प्युटर सुरू केला.

घरघर तशीच होती.

मी कॅबिनेटला कान लावला. आवाज तिथून येत नव्हता. मागे वळून पाहिलं, तर वर्तमानपत्रावर पंखा फिरत होता. त्याची वायर कशालाच न जोडलेली, टेबलावरून खाली लोंबत होती.

आई दारात आली. "जेवायचं ना आता?"

पंखा हळू झाला. मग थांबला.

"आलोच," मी कसाबसा म्हणालो.

"तुला नाही रे विचारलं," आई म्हणाली.