परतीच्या बरण्या

सीमेवरच्या प्रुत नदीच्या पुलाअलीकडे गाड्यांची रांग जागची हलत नव्हती. इटलीत कामाला गेलेले सगळेच नाताळसाठी मोल्दोवातल्या आपापल्या गावी निघाले होते. मागच्या सीटवर लिलिया घरून शिजवून आणलेला भोपळा शेजारच्या बाळखुर्चीत पट्ट्याने बांधलेल्या इलिंकाला भरवू बघत होती. पोर तोंडच उघडेना. लिलियाने गाणं म्हटलं, चमच्याचं विमान केलं, रागावूनही पाहिलं.

"किती मागे लागतेस गं तिच्या?" स्टिअरिंगवर बोटं आपटत गेनादिए म्हणाला. "उद्या माझी आई भरवेल की!"

"आज मी भरवतेय ना? तू पुढे बघ."

शेवटी इलिंकाने एक घास गिळला. मग दुसरा. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. गेनादिएने तो स्पीकरवर टाकला.

"कुठवर आलात रे? टोमॅटोच्या लोणच्याच्या बरण्या भरून ठेवल्यात. दरवर्षी अर्ध्या इथेच राहतात. यंदा परत जाताना गाडीत जागा होईल ना?"

गेनादिए आरशात बघत राहिला. वाटीच्या कडेचा भोपळा चमच्याने निपटून घेत लिलिया म्हणाली,

"होईल, आई. इलिंकाची खुर्ची तुमच्याकडेच राहणार आहे ना."