बेटावर आपण

महिनाभर जेवताना तोंडी लावायला भूमध्य समुद्रातलं ते नावाजलेलं बेटच असायचं. मुलगा घास गिळायच्या आत सांगायचा, “आपण समुद्राकडची खोली घेऊ, आपण होडीतून फिरू.” म्हातारीने त्या ‘आपण’मध्ये स्वतःला धरलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता स्वतःसाठी रुंद काठाची टोपी शिवली, समुद्रावरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिला नाडीसुद्धा लावली. आज सुनेने बॅगा भरायला घेतल्या, तशी टोपी पुढे करून म्हातारी म्हणाली, “ही मात्र दुमडू नकोस हं, काठ मोडेल.” सून नवऱ्याकडे बघायला लागली. त्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, “अगं आई, आम्ही दोघंच चाललोय. आम्ही येईपर्यंत कुत्र्याला तेवढं सांभाळ.” तिने नाडी बोटाला गच्च गुंडाळली आणि पोटच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदाच अहोजाहो केलं: “आपण खुशाल जाऊन यावं.”