जांभळी खूण

“हलू नका हं, बाई. श्वास तेवढा चालू द्या, बाकी सगळं थांबवा.” रेडिएशनच्या खोलीत काचेपलीकडून आलेला तो आवाज आईच्या कानात बारा वर्षं राहिला होता. मायलेकींच्या शिवणकामाच्या दुकानात पुतळा नव्हता. अर्धा शिवलेला कोट अंगावर चढवून आईच उभी राहायची, अगदी तशीच स्तब्ध. लेक टाचण्या लावायची, जांभळ्या खडूने खुणा करायची.

म्हणून तर आईच्या छातीवर, जुन्या व्रणाशेजारी, जांभळा डाग दिसला तेव्हा लेकीने ओलं फडकं घेतलं होतं. “काय गं, खडूत लोळलीस की काय?” तिने पुसलं, पुन्हा पुसलं. डाग गेला नाही.

त्वचेचा कर्करोग, डॉक्टर म्हणाले. स्तनाच्या गाठीनंतर घेतलेल्या त्या रेडिएशनमुळेच, इतक्या वर्षांनी. हजारांत एखादीला होतो.

ऑपरेशन उद्यावर आलं होतं आणि आई एका कोटाच्या मुंढ्याला बाही जोडत बसली होती. टाक्यामागे टाका, मुंग्यांच्या रांगेसारखा.

“राहू दे ना ते. आल्यावर कर.”

“आणि गिऱ्हाइकाने काय एकाच बाहीवर थंडी काढायची?”

लेक हसली नाही. “आई, तू तेव्हा रेडिएशन नकोच म्हणत होतीस. गाठ काढली, तेवढं पुरे म्हणालीस. मीच हट्ट धरला. बाबांशी भांडले, तुला ओढत नेलं. हे सगळं माझ्यामुळे...”

आईने दोरा दाताने तोडला. बाही हाताने दाबून बसवली, कोट बाजूला ठेवला आणि लेकीला स्टुलावर जवळ बसवलं.

“ओढत नेलंस? मी चपला घालूनच बसले होते.”

“म्हणजे?”

“माझ्या दवाखान्यापायी तुझे बाबा थकले होते. सगळं घरच थकलं होतं. अशात आणखी मागायचं कुठल्या तोंडाने? म्हणून नको नको म्हणत राहिले, आणि तू कधी भांडतेस याची वाट बघत बसले.” तिने लेकीचा हात घट्ट धरला. “मला जगायचं होतं गं. खूप. अजूनही जगायचंय.”